केसिंगमागच्या सिमेंटचा हिशेब
तेल-गॅसच्या खोल विहिरींच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विहिरीत केसिंग (भोकात उतरवलेला पोलादी पाइप) आणि खडक यांच्यामध्ये सिमेंट एकदाच जातं आणि नंतर कुणाच्या नजरेला पडत नाही. खालचा गॅस वर चढू न देण्याचं काम मात्र त्याला विहीर चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावरही करायचं असतं. बॉण्ड लॉग (सिमेंट पाइपला चिकटलंय का ते दाखवणारी मोजणी) चांगला आला की विषय संपला असं बरेचजण धरतात. पण लॉग सांगतो ती त्या दिवसाची स्थिती. पुढे विहिरीवर जे जे होणार आहे ते सिमेंट सोसेल का, हे कॉम्प्युटर मॉडेलवर आधीच पाहता येतं. आमचं काम तेच.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. १२ १/४ इंची भोकात ९ ५/८ इंची केसिंग अगदी मधोमध बसलं, तरी भोवतीच्या सिमेंटची जाडी ३३ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन बोटं. सिमेंट सेट झालं. मग १.५ घनतेचा मड (खोदताना भोकात फिरवतात तो जड चिखल) काढून समुद्राचं पाणी भरलं, की ३,००० मीटर खोलीवर केसिंगच्या आतला दाब सुमारे १४० बारने उतरतो आणि पाइप आकसतो. ४७ पौंडी (फुटाला ४७ पौंड वजनाचा) पाइप मोकळा असता, तर त्याची त्रिज्या ०.०७ मिलिमीटरने कमी झाली असती. केसाच्या जाडीएवढीच ही गोष्ट. पण पाइप आणि सिमेंटमधली फट दुप्पट झाली की त्याच दाबाला गळती आठपट होते, म्हणून आम्ही ही शक्यता तपासल्याशिवाय सोडत नाही. प्रत्यक्षात सिमेंट पाइपला किती धरून ठेवतं, मागून खडक किती रेटा देतो आणि फट कुठल्या टप्प्याला उघडते, हे मॉडेल पायरीपायरीने काढतं. त्यात क्रमाला फार महत्त्व आहे. सिमेंट ओलं असताना केलेली प्रेशर टेस्ट आणि सेट झाल्यावर केलेली टेस्ट, दाब एकच असला तरी परिणाम वेगळे.

उष्णतेचंही तसंच. सिमेंटने जखडलेलं केसिंग १०० अंश सेल्सिअसने तापलं तर त्याला लांबायला जागा नसते, आणि पोलादात सुमारे २५० मेगापास्कल ताण येतो. एन-८० ग्रेडच्या पोलादाच्या किमान यील्डच्या (ज्या ताणाला पोलाद कायमचं ताणलं जाऊ लागतं) हा ४५ टक्के. बाकीचे भार याच्यावर चढतात. वॉटर इंजेक्शनच्या (खाली पाणी सोडण्याच्या) विहिरीत उलटं होतं: थंड पाण्याने पाइप आकसून सिमेंटपासून सुटू पाहतो. तापमान ११० अंशांच्या वर जाणार असेल तर सिमेंटमध्ये सिलिकाची बारीक पूड (सिलिका फ्लार) हवीच. नाहीतर त्याची ताकद काळाबरोबर घटते, आणि मग आमचे सगळे आकडे फोल.

आता मॉडेलला काय कळत नाही, तेही सांगतो. मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवरून विहिरी तिरक्या जातात. तिरक्या भोकात केसिंग खालच्या अंगाला टेकतं, त्या अरुंद बाजूचा मड हलत नाही आणि सिमेंटमध्ये मडची पट्टी राहून जाते. सेंट्रलायझर (केसिंगला भोकाच्या मधोमध धरणारी कडी) खरोखर कुठे बसवले, हे रिगवरच्या माणसाने लिहिलं नाही तर आम्ही इथे अंधेरीत बसून ओळखू शकत नाही. एका कामात आम्हाला कॅलिपर लॉग (भोकाच्या व्यासाची मोजणी) मिळालाच नव्हता. भोक एकसारखं धरून हिशेब दिला. नंतर लॉग आला, त्यात एका पट्ट्यात भोक बरंच ढासळलेलं होतं. सगळा हिशेब पुन्हा करावा लागला. तेव्हापासून कॅलिपरशिवाय आम्ही अंतिम अहवाल देत नाही.

आकडा आला तरी तो वाचला जायला हवा. मेक्सिकोच्या आखातातल्या मॅकोंडो विहिरीच्या सिमेंटिंगआधीच्या मॉडेलने, सेंट्रलायझर कमी असतील तर गॅस शिरण्याचा धोका गंभीर आहे, असं दाखवलं होतं. त्या केसिंगवर ६च बसवले गेले. २० एप्रिल २०१० च्या स्फोटात ११ माणसं गेली. त्या दुर्घटनेला हे एकच कारण होतं असं कुणी म्हणू नये. पण तो इशारा पाहून काम थांबवायला हवं होतं, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून आमच्या अहवालात धोक्याची ओळ पहिल्या पानावर असते, पुरवणीत नाही.

काम सुरू करताना आम्हाला सेंट्रलायझरची नोंद, कॅलिपर, मड आणि तापमानाचा आलेख आणि विहिरीचं पुढचं वेळापत्रक लागतं. सिमेंटचे लॅब रिपोर्ट त्याच बॅचचे आणि रिगवरच्याच पाण्याने केलेले हवेत. पुस्तकातले आकडे वापरले तर उत्तराचा पल्ला इतका रुंद होतो की त्यावर निर्णय घेता येत नाही. जुहूहून हेलिकॉप्टरने निघणाऱ्या सिमेंटिंग इंजिनियरशी आमचं एकदा फोनवर बोलणं करून दिलंत, तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.