मेपल रस आटवण्याची घरगुती भट्टी

मेपल वृक्षाच्या खोडातून झिरपणारा पाणीदार गोड रस उथळ काहिलीत उकळून त्याचे सिरप करण्यासाठी घरीच बांधलेली, लाकडाच्या जाळावर चालणारी भट्टी. तिच्यासाठी जुने लोखंडी पिंप, तेलाची निकामी टाकी, विटा किंवा काँक्रीटचे ठोकळे असे हाताशी असलेले साहित्य वापरतात. कॅनडातील क्वेबेक, ऑन्टारिओ व न्यू ब्रन्सविक आणि अमेरिकेतील व्हरमाँट, न्यूयॉर्क, मेन, ओहायो, मिशिगन व विस्कॉन्सिन या पट्ट्यात अशा भट्ट्या आढळतात. विकत मिळणाऱ्या भट्टीचे तत्त्व हेच असते. फरक काहिलीची घडण, धातू आणि जोडकाम यांत असतो.

रस आणि इंधन : मुख्य स्रोत शर्करा मेपल (एसर सॅकॅरम) व त्याच्या जवळचा काळा मेपल. तांबडा आणि रुपेरी मेपल यांचाही रस काढतात, परंतु त्यात साखर सहसा कमी असते. हिवाळा सरताना रात्री पारा गोठणबिंदूखाली आणि दिवसा वर जाऊ लागला की रस वाहतो. हा काळ प्रदेशानुसार फेब्रुवारी ते एप्रिल यांदरम्यान काही आठवड्यांचा असतो. रसात सरासरी २ टक्के साखर असते, सिरपमध्ये ६६ ते ६७ टक्के. एक माप सिरपला किती मापे रस लागेल हे काढण्यासाठी ८६ ला रसातील साखरेच्या टक्केवारीने भागतात. व्हरमाँटमधील कृषी संशोधक चार्ल्स जोन्स यांच्याशी जोडला जाणारा हा ‘८६ चा नियम’ सिरपची घनता जुन्या प्रमाणाची धरतो, त्यामुळे हल्लीच्या प्रमाणासाठी अंक थोडा वाढवावा लागतो. ढोबळमानाने ४० लिटर रसाचे १ लिटर सिरप होते.

भट्टीच्या रचनेचे मूळ या आकड्यात आहे. ५ अंश सेल्सिअसचा ४० लिटर रस उकळीला आणायला सुमारे १६ मेगाज्यूल उष्णता लागते आणि त्यातील ३९ लिटर पाण्याची वाफ करायला आणखी ८८. हवेत वाळलेल्या कठीण लाकडातून किलोला साधारण १५ मेगाज्यूल मिळतात. म्हणजे कागदावर ७ किलो लाकूड पुरावे. पण साध्या भट्टीत दोनतृतीयांश उष्णता धुराड्यातून आणि भिंतींतून निघून जाते व सिरपच्या लिटरमागे २० किलोच्या आसपास लाकूड जळते. एका कॉर्डमध्ये, म्हणजे १२८ घनफुटांच्या रचलेल्या लाकडात, २५ गॅलन (सुमारे ९५ लिटर) सिरप निघते हा तिकडचा जुना ठोकताळा या हिशेबाशी बऱ्यापैकी जुळतो. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात उसाचा रसच १६ ते २० टक्के गोडीचा असतो आणि चुलवाणात घालायला त्याच उसाची चिपाडे मिळतात. मेपलच्या रसात गोडी त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्श्याची, आणि जळणही वेगळे तोडून, फोडून, वर्षभर आधी वाळत घालावे लागते.

उगम : मेपलचा रस आटवून साखर करण्याची रीत मूळची कोणाची, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १६व्या शतकातील फ्रेंच प्रवासी आंद्रे तेवे आणि १६०६ च्या सुमारास अकाडियात (आजच्या पूर्व कॅनडातील फ्रेंच वसाहतीत) राहिलेला मार्क लेस्कार्बो यांनी झाडातून निघणाऱ्या गोड पेयाचे उल्लेख केले आहेत. रस कढवून साखर केल्याचे त्यांवरून निश्चित म्हणता येत नाही. साखरेचा स्पष्ट उल्लेख लंडनच्या रॉयल सोसायटीने १६८५ मध्ये छापलेल्या एका टिपणात येतो. कॅनडाचे मूलनिवासी ही कला आज हयात असलेल्या कोणालाही आठवत नाही इतक्या पूर्वीपासून जाणतात, असे त्यात म्हटले आहे. याच टिपणात आठ पौंड रसापासून एक पौंड गोड पदार्थ मिळतो असे दिले आहे. २ टक्क्यांच्या रसाला हे प्रमाण लागू पडणे अशक्य असल्याने लेखकाने स्वतः काहील पाहिली असेल का, अशी शंका येते. जेझुइट पाद्री लाफितो याने १७२४ मध्ये फ्रेंच लोक ही साखर मूलनिवासी स्त्रियांकडून शिकले, असे नोंदवले. फ्रेंचांची साखर सरस असते, हेही त्यानेच जोडून दिले. फ्रेंच वसाहतवाल्यांच्या बाजूचे पुरावेही आहेत. १८व्या शतकाच्या आरंभी माँट्रियलमध्ये अगाथ द रेपेंतिन्यी या उद्योजक स्त्रीने मेपल साखरेचे उत्पादन चालवल्याच्या नोंदी आढळतात.

पुरातत्त्वज्ञांमधील वाद १९८० च्या दशकात विशेष रंगला. युरोपीय व्यापारातून धातूची भांडी येण्यापूर्वी एवढे पाणी आटवणे व्यवहार्य नव्हते, आणि उत्खननांत साखर-छावणीची (हंगामात रस आटवण्यासाठी रानात पडणाऱ्या तळाची) खूण म्हणून दाखवल्या जाणाऱ्या चुली इतर कारणांनीही संभवतात, असे कॅरल मेसन यांचे म्हणणे. मार्गारेट होल्मन यांनी मातीच्या भांड्यांत रस उकळण्याचे प्रयोग करून ते शक्य असल्याचे दाखवले. याखेरीज दोन मार्ग परंपरेत सांगितले जातात. पहिला, बर्च झाडाच्या सालीच्या किंवा कोरलेल्या ओंडक्याच्या पात्रात तापलेले दगड टाकणे. दुसरा, रस रात्रभर गोठवून वर आलेला बर्फ काढून टाकणे. बर्फासोबत बहुतांश पाणी जाते व साखर खालच्या द्रवात राहते, त्यामुळे दुसरा मार्ग इंधनाशिवाय बरेच काम उरकतो. उत्तर अमेरिकेतील अनिशिनाबे या मूलनिवासी लोकांच्या पंचांगात वसंतातील एका महिन्याला रस आटवण्याचा महिना म्हणतात. ही प्रथा त्यांच्या जीवनक्रमात खोल रुजली असल्याचे त्यावरून दिसते, तिचे वय मात्र कळत नाही. धातूच्या किटल्या (टांगून वापरायच्या मोठ्या हंड्या) येण्यापूर्वी घरापुरती अल्प साखर होत असावी आणि मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन किटल्यांनंतरचे असावे, हे मध्यममत उपलब्ध पुराव्यांना अधिक धरून वाटते.

किटलीपासून काहिलीपर्यंत : वसाहतकाळात आडव्या दांड्याला टांगलेल्या बिडाच्या किटल्यांत रस उकळत. त्यांचा तळ गोल व तोंड लहान असल्याने वाफ सावकाश निघे. नव्या-जुन्या रसाची सतत सरमिसळ होऊन सिरप काळपट होई. १९व्या शतकाच्या मध्यास, अमेरिकन यादवी युद्धाच्या आगेमागे, पत्र्याच्या सपाट काहिली दगडी किंवा विटांच्या कमानीवर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. भट्टीच्या खोक्याला या धंद्यात अजूनही ‘आर्च’ (कमान) असेच म्हणतात, मग ते पोलादाचे का असेना. ओहायोतील डी. एम. कुक याने १८५८ मध्ये आडव्या पट्ट्यांनी भागलेल्या काहिलीचे पेटंट घेतले. ती मुख्यतः गोड ज्वारीच्या रसासाठी खपली, तरी रस एका टोकाने आत घेऊन नागमोडी वाटेने फिरवत दुसऱ्या टोकाला पाक काढण्याची कल्पना मेपललाही लागू झाली. दोन काहिली व धातूची आगपेटी (जळण जळते तो भट्टीचा खोका) असलेली भट्टी १८७२ च्या सुमारास व्हरमाँटमध्ये निघाली असे सांगतात. काहिलीच्या तळाला घड्या घालून जाळ खेळण्यासाठी खोल पन्हळी करण्याचे श्रेय बहुतेक ग्रंथ १८८९ मधील एका कॅनेडियनास देतात. ओहायोतील हडसन येथे भट्ट्या बनवणारा व पुढे व्हरमाँटमधील रटलंडला गेलेला जी. एच. ग्रिम यांचे नावही या संदर्भात घेतले जाते. पेटंटांच्या तारखा इतक्या जवळजवळ आहेत की एकाच कोणाला श्रेय देणे धाडसाचे ठरेल.

आगपेटी : घरगुती भट्टीचा सर्वांत प्रचलित प्रकार ५५ गॅलनच्या (सुमारे २०८ लिटर) पोलादी पिंपाचा. पिंप आडवे करून एका तोंडाला बिडाचे दार व दुसऱ्या तोंडाला धुराड्याची कॉलर बसवतात. वरच्या अंगाला आयताकृती भोके कापून त्यांत काहिली लोंबत्या ठेवतात. घरे तापवण्याच्या तेलाची २७५ गॅलनची टाकी उभी चिरूनही भट्टी होते. पोलादी फायलींचे कपाट पाठीवर निजवून त्याचे खण काढून घेण्याचा प्रकारही लोकप्रिय आहे. सर्वांत स्वस्त म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या दोन भिंती. त्या उष्णतेने तडकतात आणि हंगामागणिक नव्याने रचाव्या लागतात.

पिंपात पूर्वी काय होते हे ठाऊक असल्याशिवाय ते घेऊ नये. ज्वालाग्राही द्रवाची वाफ रिकाम्या पिंपातही उरते आणि कापताना स्फोट होऊ शकतो. आतील लेप व बाहेरचा रंग रस ठेवण्यापूर्वी उघड्यावर मोठा जाळ करून जाळून टाकतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आगपेटीत वर्ज्य, कारण त्याचा धूर विषारी असतो.

नवख्यांच्या भट्टीत बहुधा दोन उणिवा असतात : खालून हवा नसते आणि मागे पोकळी फार असते. जळण बिडाच्या किंवा जाड सळयांच्या जाळीवर हवे, म्हणजे राख खाली पडून हवा निखाऱ्यांतून वर येते. जाळीच्या मागे तळ चढता करून तो काहिलीच्या बुडाखाली काही सेंटिमीटरवर आणतात. रेती, विटांचे तुकडे किंवा व्हर्मिक्युलाइट (उष्णता रोखणारे हलके खनिज) भरून हा उतार करता येतो. असे केले नाही तर तप्त वायू तळाशी सरपटत थेट धुराड्यात जातात. बाजूंना अग्निरोधक विटा लावल्यास पिंपाचे आयुष्य वाढते व उष्णता आत राहते. विटांमागे सिरॅमिक तंतूंची चादर घालतात. ती कापताना उडणारे तंतू फुप्फुसांना घातक असल्याने मुखपट्टी लागते. काहिलीच्या काठाखाली काचतंतूंचा दोर बसवला की धूर रसाकडे जात नाही. धुराड्याची उंची भट्टीच्या लांबीच्या निदान दुप्पट असावी, असा संकेत आहे. अनेकजण जाळीखाली छोटा पंखा लावतात. त्याने जाळ भडकतो हे खरे, पण उतार नसलेल्या भट्टीत पंखा लावला तर फक्त धुराडे लाल होते.

काहिली : वाफ किती निघेल हे प्रामुख्याने तापलेल्या पृष्ठभागावर ठरते. सपाट काहिलीतून चौरस मीटरमागे ताशी सुमारे ४० लिटर पाणी जाते, पन्हळी काहिलीतून त्याच्या दुप्पट. पन्हळी घरी घडवणे अवघड असल्याने बुफेत अन्न गरम ठेवण्याच्या स्टेनलेस स्टीलच्या आयताकृती पात्रांवर काम भागवतात. अशा पूर्ण आकाराच्या पात्राचे माप ५३ × ३२.५ सेंमी. दोन पात्रांचे क्षेत्र ०.३४ चौ. मी. भरते. म्हणजे ताशी फार तर १४ लिटर पाणी जाणार आणि एक लिटर सिरपसाठी तीन तास जाळ घालावा लागणार. झाडाच्या खोडात रस काढण्यासाठी ठोकलेल्या एका तोटीतून हंगामभरात साधारण ४० लिटर रस मिळतो हे लक्षात घेता दोन-अडीच डझन तोट्यांपुढे पिंपाची भट्टी अपुरी पडते. वाफाळणाऱ्या पात्रात थंड रस ओतला की उकळी मरते. म्हणून तो धुराड्याजवळच्या टाकीत किंवा धुराड्याभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या नळीत आधी तापवून धारेने सोडतात.

जोडकामात शिशाचा डाख वापरू नये. जुन्या काहिली व बादल्या यांच्या डाखातून आणि शिसे-कथिलाचा लेप दिलेल्या पत्र्यातून शिसे सिरपमध्ये उतरते. रस किंचित आम्लधर्मी असतो आणि आटताना त्यातील शिशाचेही प्रमाण वाढते. अडगळीतून स्वस्तात मिळालेली काहील तपासूनच घ्यावी लागते.

चालवण्याची रीत : लाकूड मनगटाइतके बारीक फोडलेले व पुरते वाळलेले लागते. दर सात ते दहा मिनिटांनी थोडे थोडे घालतात. एकदम भरल्यास आग दबते. रसाची खोली ४–५ सेंमी ठेवतात. त्याहून कमी झाल्यास काहील करपण्याचा धोका, जास्त ठेवल्यास रस फार वेळ तापून रंग गडद होतो. वर येणारी मळी झाऱ्याने काढतात. फेस उतू जाऊ लागला तर लोण्याचा थेंब पुरतो. पूर्वी काहिलीवर डुकराच्या चरबीचा तुकडा टांगत, उसळलेला फेस त्याला लागून खाली बसे. दाट होत आलेला पाक सहसा घरात गॅसवर उतरवतात, कारण लाकडाचा जाळ हवा तेव्हा मंद करता येत नाही. संपूर्ण आटवण मात्र घरात करीत नाहीत. शेकडो लिटर पाण्याची वाफ भिंतींना सोसत नाही.

पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस वर तापमान गेले की सिरप झाले. हवेच्या दाबानुसार पाण्याचा उत्कलनबिंदू रोज थोडा बदलत असल्याने आधी पाणी उकळून तापमापक पडताळतात. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर अधिक भरवशाचा. घनता कमी राहिल्यास सिरप आंबते, जास्त झाल्यास तळाशी स्फटिक धरतात. व्हरमाँटचा कायदा किमान ६६.९ टक्के मागतो.

आटवताना कॅल्शियम मॅलेट या क्षाराची बारीक साखरी रेती सुटते. गरम सिरप लोकरी किंवा कृत्रिम नमद्यातून गाळले की ती वेगळी होते. काहिलीच्या बुडाला तिचा थर साचला तर त्या जागी उष्णता अडून पत्रा करपतो. हंगाम संपल्यावर काही उत्पादक काहिलीत उरलेला रस तसाच ठेवून आंबू देतात, म्हणजे थर सैल होऊन धुता येतो. इतरजण त्यासाठी व्हिनेगर वापरतात.