'एक्सपेल्ड' नावाच्या डॉक्युमेंटरीची जन्मकुंडली

नट-लेखक बेन स्टाईनची 'एक्सपेल्ड: नो इंटेलिजन्स अलाउड' ही डॉक्युमेंटरी अमेरिकेत १८ एप्रिल २००८ ला लागली, आणि तीसुद्धा हजाराहून जास्त थिएटरांत, डॉक्युमेंटरीच्या मानाने हे भलतंच होतं. तिचं म्हणणं थोडक्यात असं की अमेरिकन युनिव्हर्सिट्यांमध्ये कुणी डार्विनवर शंका घेतली किंवा 'इंटेलिजंट डिझाइन'च्या बाजूने तोंड उघडलं की त्याची नोकरी जाते, आणि ही अकॅडेमिक फ्रीडमची गळचेपी आहे. इंटेलिजंट डिझाइन म्हणजे सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती आपोआप घडणं शक्य नाही, कुणीतरी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, हा दावा. या पिक्चरवरून जे रान उठलं ते बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. मला मात्र त्यातल्या 'फ्रीडम' या शब्दातच जास्त रस आहे, कारण तो तिथे सहज आलेला नाही, ऐंशी वर्षांची कोर्टबाजी त्याच्या मागे उभी आहे.

सुरुवात १९२५ पासून करू. टेनेसी राज्याने बटलर अ‍ॅक्ट पास केला, सरकारी शाळेत माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं शिकवायचं नाही. डेटन नावाच्या छोट्या गावातल्या काही मंडळींना वाटलं की या कायद्यावर खटला झाला तर गावाचं नाव होईल, धंदा वाढेल, म्हणून त्यांनी जॉन स्कोप्स या तरुण मास्तरला तयार केलं आणि मुद्दाम केस उभी केली. स्कोप्सच्या बाजूने नावाजलेले वकील क्लॅरेन्स डॅरो, सरकारच्या बाजूने तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन, मग काय, देशभरचे पत्रकार तिथे येऊन बसले. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला आणि तोही पुढे १९२७ मध्ये तांत्रिक कारणावरून रद्द झाला, कारण दंडाची रक्कम ज्युरीने ठरवायची ती जजने ठरवली होती. गंमत बघा, तेव्हा शिकवण्याच्या स्वातंत्र्याचा झेंडा उत्क्रांतीवाल्यांच्या हातात होता, आणि बटलर अ‍ॅक्ट स्वतः १९६७ पर्यंत पुस्तकात तसाच पडून होता.

१९६८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आर्कान्सासची तसलीच बंदी उडवली आणि मग उत्क्रांतीवर सरळ बंदी घालायचा रस्ता संपला. म्हणून नवीन आयडिया निघाली: बंदी नको, बरोबरीने शिकवा, एका तासाला उत्क्रांती आणि एका तासाला 'क्रिएशन सायन्स', म्हणजे बायबलातली सृष्टीची गोष्टच, फक्त देवाचं नाव न घेता. आर्कान्सासचा असा कायदा १९८२ मध्ये फेडरल कोर्टात पडला. लुइझियानाचा कायदा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९८७ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी पडला. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट इथेच आहे, लुइझियानाच्या त्या कायद्याने आपला उद्देश काय म्हणून लिहिला होता, तर 'अकॅडेमिक फ्रीडम'चं रक्षण! कोर्टाने सांगितलं की हा कायदा शिक्षकाला कुठलंही जास्तीचं स्वातंत्र्य देत नाही, हे नुसतं निमित्त आहे, खरा हेतू धार्मिक आहे. म्हणजे स्टाईनच्या पिक्चरमधला मेन शब्द वीस वर्षं आधीच कोर्टात एकदा येऊन हरून गेला होता.

मग आला 'इंटेलिजंट डिझाइन'. 'ऑफ पांडाज अँड पीपल' नावाचं शाळेसाठीचं पुस्तक १९८९ मध्ये छापलं गेलं आणि त्यात हा शब्द ठळकपणे वापरला होता. त्याआधीच्या मसुद्यांत तिथे सरळ 'क्रिएशन' आणि 'क्रिएशनिस्ट्स' असं होतं, १९८७ च्या निकालानंतर ते शब्द बदलले. हे नंतर कसं उघडकीला आलं ते वाचून मी खरंच मोठ्याने हसलो होतो: एका मसुद्यात 'क्रिएशनिस्ट्स' खोडून 'डिझाइन प्रोपोनंट्स' टाकताना जुना शब्द पूर्ण खोडलाच गेला नाही, त्यामुळे पुढचा 'सी' आणि मागचा 'इस्ट्स' तसाच राहिला आणि 'सीडिझाइन प्रोपोनंटसिस्ट्स' असा एक प्राणी तयार झाला. उत्क्रांतीतली मधली कडी दाखवा म्हणून जे लोक सारखे मागे लागतात, त्यांच्याच पुस्तकात ही मधली कडी सापडावी!

नव्वदच्या दशकात याला जरा वजनदार माणसं मिळाली. बर्कलीचे कायद्याचे प्राध्यापक फिलिप जॉन्सन, लीहाय युनिव्हर्सिटीचे बायोकेमिस्ट मायकेल बीही (यांचा आवडता दाखला म्हणजे बॅक्टेरियाचं शेपूट, एक भाग काढला तरी चालत नाही म्हणून ते टप्प्याटप्प्याने बनलं नसणार), आणि सिअ‍ॅटलची डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट. या इन्स्टिट्यूटचा 'वेज' नावाचा अंतर्गत कागद १९९९ मध्ये इंटरनेटवर फुटला आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की भौतिकवादी स्पष्टीकरणं बाजूला सारून निसर्ग आणि माणूस देवाने निर्माण केला ही समज आणायची आहे. बाहेर 'आम्ही फक्त सायन्स करतोय' आणि आत हे.

आता डोव्हर, कारण डोव्हरशिवाय 'एक्सपेल्ड' समजतच नाही. पेनसिल्व्हेनियातलं हे छोटं गाव, तिथल्या शाळा मंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये ठरवलं की नववीच्या बायोलॉजीच्या वर्गात एक निवेदन वाचायचं, डार्विनचा सिद्धांत म्हणजे काही पक्कं सत्य नाही, दुसरं स्पष्टीकरण हवं असेल तर 'पांडाज' लायब्ररीत आहे. सायन्सच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, मग प्रशासनातले लोक वर्गात येऊन वाचून गेले. अकरा पालकांनी केस टाकली. डिस्कव्हरीवाल्यांनाही खरं तर ही केस नको होती, कारण मंडळातले लोक किती कच्चे आहेत ते त्यांना दिसत होतं, पण गाडी सुटली होती. मंडळाच्या बाजूने साक्षीला आलेल्या बीहींना उलटतपासणीत मान्य करावं लागलं की सायन्सची त्यांची व्याख्या धरली तर ज्योतिषसुद्धा सायन्समध्ये बसेल. (आपण हसायचं कारण नाही, आपल्या यूजीसीने २००१ मध्ये ज्योतिर्विज्ञानाचे कोर्स काढायला परवानगी दिली होती आणि सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये त्यात ढवळाढवळ करायला नकार दिला.) २० डिसेंबर २००५ ला जज जॉन जोन्स यांनी १३९ पानांचं निकालपत्र दिलं: इंटेलिजंट डिझाइन हे सायन्स नाही, ते क्रिएशनिझमचंच पुढचं रूप आहे, आणि मंडळाचे काही मेंबर शपथेवर खोटं बोलले. जोन्स हे जॉर्ज बुश यांनी नेमलेले रिपब्लिकन, त्यामुळे 'लिबरल जज' म्हणून रडायचीही सोय उरली नाही. निकालाच्या आधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत गावाने त्या मेंबरांना घरी बसवलं होतं, आणि समोरच्या बाजूच्या वकिलांचं दहा लाख डॉलरचं बिल मात्र शाळेच्या गळ्यात पडलं.

तर शाळेचं दार बंद, 'क्रिएशन' हा शब्द बंद, 'डिझाइन'ही कोर्टात अडकला. मग उरलं काय? उरली माणसं, ज्यांच्यावर अन्याय झाला असं दाखवता येईल अशी. 'एक्सपेल्ड' या जागी जन्मली. त्यात सायन्स फारसं नाहीच, इंटेलिजंट डिझाइन नेमकं काय म्हणतं तेसुद्धा नीट सांगत नाहीत, आहे ती बर्लिनच्या भिंतीची फुटेज आणि मध्ये स्टाईन. ही निवडही हुशारीची होती. निक्सनचा भाषणलेखक, पुढे १९८६ च्या 'फेरिस ब्युलर्स डे ऑफ'मधला रटाळ आवाजात हजेरी घेणारा मास्तर म्हणून घराघरात माहीत झालेला.

बनवतानाही गडबड होतीच. रिचर्ड डॉकिन्स, पी. झी. मायर्स, युजिनी स्कॉट या उत्क्रांतीच्या बाजूने बोलणाऱ्या मंडळींच्या मुलाखती घेतल्या त्या 'क्रॉसरोड्स' नावाची डॉक्युमेंटरी आहे असं सांगून. मग २० मार्च २००८ ला मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकामध्ये खेळ होता, मायर्स रांगेत उभे होते, त्यांना ओळखून बाहेर काढलं, आणि त्यांच्याबरोबर आलेले डॉकिन्स कुणाच्या लक्षातच आले नाहीत, ते आत जाऊन बसले. 'हकालपट्टी' नावाच्या पिक्चरमधून हकालपट्टी, यापुढे विरोधकांना वेगळं काही लिहायची गरजच उरली नाही.

पिक्चरमधल्या केसेसबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण दोन्हीकडचे लोक इथे घाई करतात. रिचर्ड स्टर्नबर्ग यांनी एका प्राणिशास्त्राच्या जर्नलमध्ये २००४ ला डिस्कव्हरीच्या स्टीफन मेयर यांचा पेपर छापला. पिक्चर बघून वाटतं की स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालय-संस्थेने त्यांना नोकरीवरून काढलं, पण ते तिथे पगारी नव्हतेच, आणि संपादकपद सोडायचं तर पेपर छापायच्या आधीच ठरलं होतं. तरीही त्यांच्याबद्दल तिथल्या लोकांनी एकमेकांना लिहिलेल्या ईमेल्स बऱ्यापैकी कडवट होत्या हे खरंच आहे. दुसरे गिलेर्मो गोन्झालेझ, आयोवा स्टेटचे खगोलशास्त्रज्ञ, २००७ मध्ये त्यांना टेन्युअर, म्हणजे कायमची नोकरी, नाकारलं. विभागाचं म्हणणं की इथे आल्यापासून त्यांचं संशोधन कमी झालं, ग्रँट्स फारशा आणल्या नाहीत, पण नंतर बाहेर आलेल्या ईमेल्समध्ये सहकारी डिझाइनबद्दलही बोलत होते. मग नेमका न्याय काय?

इथे जुना इतिहास कामाला येतो. १९०० मध्ये स्टॅनफर्डमधून एडवर्ड रॉस या समाजशास्त्रज्ञाला जावं लागलं ते संस्थापकाच्या विधवेला, जेन स्टॅनफर्ड यांना, त्याची मतं आवडली नाहीत म्हणून. निषेध म्हणून राजीनामा देणाऱ्यांत आर्थर लव्हजॉय होते, आणि त्यांनीच तत्त्वज्ञ जॉन ड्युईंबरोबर १९१५ मध्ये प्राध्यापकांची संघटना उभी केली. त्यांनी मांडलेलं स्वातंत्र्य होतं मालकापासून, देणगीदारापासून, सरकारपासून. आपल्याच विषयातल्या लोकांनी 'तुझं काम कच्चं आहे' म्हणू नये असं त्यात कुठेच नव्हतं, उलट तो निवाडा त्यांनीच करायचा हाच तर मुद्दा होता. स्टाईनच्या पिक्चरने हे दोन्ही एकत्र करून टाकलं, माझ्या मते खरी चलाखी ती.

उरलेल्या भागात स्टाईन डाखाऊच्या नाझी छळछावणीत जातो, नाझींनी अपंग आणि आजारी माणसं मारली त्या हाडामारला जातो, डार्विन ते हिटलर अशी सरळ रेघ ओढतो. डार्विनचा दुबळ्या माणसांबद्दलचा उतारा वाचून दाखवतो, पण सहानुभूती सोडली तर आपल्यातला सगळ्यात उदात्त भागच खालावेल असं डार्विन लगेच पुढे म्हणतो तिथे येण्याआधी थांबतो. अँटी-डिफेमेशन लीग या ज्यू संघटनेनेच याचा निषेध केला. जॉन लेननच्या 'इमॅजिन' गाण्याचे काही सेकंद वापरले म्हणून त्याची विधवा योको ओनोंनी केस टाकली, ती मात्र पिक्चरवाल्यांच्या बाजूने गेली, आणि बरोबर गेली.

राजकारणात याचा उपयोग झाला तो असा: फ्लोरिडात शिक्षकांना वर्गात उत्क्रांतीवर शंका घ्यायची मुभा देणारं 'अकॅडेमिक फ्रीडम' बिल चर्चेत असताना मार्च २००८ मध्ये आमदारांसाठी खास खेळ लावला, ते बिल काही पास झालं नाही. लुइझियानात मात्र जून २००८ मध्ये तसला कायदा झाला, त्यावर सही करणारे गव्हर्नर बॉबी जिंदाल, पंजाबातून गेलेल्या आईवडिलांचा मुलगा, ब्राऊन युनिव्हर्सिटीचा बायोलॉजीचा पदवीधर. तो रद्द करा म्हणून नंतर एका शाळकरी मुलाने मोहीम चालवली, कित्येक नोबेलविजेत्यांनी सह्या केल्या, कायदा हलला नाही. आपल्याकडे शब्द बदलायचे इतके कष्टही कुणी घेतले नाहीत, जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला येऊन सरळ म्हणाले की डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी बघितला नाही. पण २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली तेव्हा कारण दिलं होतं अभ्यासाचा बोजा कमी करण्याचं.

पिक्चरने तिकिटांतून साधारण ७७ लाख डॉलर कमावले, डॉक्युमेंटरीसाठी वाईट नाही, तरी तो बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०११ मध्ये पिक्चरचे हक्क आणि न वापरलेली फुटेज लिलावात निघाली. टॉकओरिजिन्स या उत्क्रांतीच्या बाजूच्या संस्थेने बोली लावायची तयारी केली होती, डॉकिन्स वगैरे मंडळी कापलेल्या भागात नेमकं काय म्हणाली होती ते त्यांना बघायचं होतं. माल २ लाख १ हजार डॉलरला दुसऱ्याच कुणीतरी उचलला.