लेट्रोझोल : पाच गोळ्या आणि अठरा मिलिमीटर

पीसीओएस, म्हणजे बीज वेळच्या वेळी न फुटण्याचा हार्मोनचा विकार, असलेल्या बाईच्या ओव्हरीत बीजं नसतात असं नाही. उलट डझनावारी असतात, पण त्यातलं एकही पुरतं वाढून फुटत नाही. औषधाने एकच बीज, फार तर दोन, पुढे आणायची असतात. जास्त फुटली तर जुळी-तिळी राहण्याची भीती.

आज पहिली पसंती लेट्रोझोलला. मेडिकलवाल्याने ‘ही तर कॅन्सरची गोळी’ म्हटलं तर घाबरू नये. ती मूळची स्तनाच्या कॅन्सरचीच आहे. ती काही दिवस इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन फारसं तयार होऊ देत नाही. ते कमी पडलेलं पाहून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे बीज वाढवणारं हार्मोन वाढवते आणि बीजकोश (बीज असलेली पिशवी) वाढू लागतो. याच कामाची जुनी गोळी क्लोमिफेन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळते, काहींचं गर्भाशयाचं अस्तर पातळ करते. अमेरिकेत २०१४ साली ७५० जणींवर झालेल्या चाचणीत पाच पाळ्यांपर्यंतच्या उपचारानंतर लेट्रोझोलवर २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफेनवर १९.१ टक्के. भारतात मात्र २०११ पासून २०१७ पर्यंत वंध्यत्वासाठी लेट्रोझोलवर बंदीच होती.

पाळीच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत रोज २.५ मिलिग्रॅम. बीज वाढलं नाही तर पुढच्या पाळीत ५, मग ७.५. पाळी लांबलेली असेल तर आधी गर्भचाचणी, कारण दिवस राहिलेले असताना ही गोळी चालत नाही. नवऱ्याची वीर्यतपासणीही आधीच उरकावी. ती टाळून गोळ्यांत सहा महिने घालवणारी जोडपी कमी नाहीत.

दहाव्या-अकराव्या दिवसापासून सोनोग्राफी, म्हणजे ‘फॉलिक्युलर स्टडी’. बीजकोश रोज साधारण दोन मिलिमीटर वाढतो. तो १८ ते २० मिलिमीटरचा आणि अस्तर सात-आठ मिलिमीटरचं झालं की गरजेप्रमाणे एचसीजीचं, म्हणजे बीज फोडणाऱ्या हार्मोनचं, इंजेक्शन. त्यानंतर सुमारे ३६ ते ४० तासांत बीज फुटतं. संबंध त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी. तीन किंवा जास्त बीजकोश मोठे दिसले तर इंजेक्शन नको, संबंधही नको, तो महिना सोडून द्यायचा.

घरच्या ओव्ह्युलेशन किटवर इथे फार विसंबू नये. किट मोजतं ते एलएच, म्हणजे बीज फुटण्याआधी चढणारं हार्मोन. पीसीओएसमध्ये ते मुळातच चढं असू शकतं, त्यामुळे पट्टी उगाचच दोन रेघा दाखवते. बीज फुटलं का हे पाहण्यासाठी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (बीज फुटल्यावर वाढणारं हार्मोन) तपासतात, त्यातही अशीच गफलत होते. ‘एकविसावा दिवस’ हा हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा. बीज विसाव्या दिवशी फुटलं असेल तर एकविसाव्याला आकडा कमीच येणार, आणि लागू पडलेला डोस विनाकारण वाढवला जाणार. रक्त द्यायचं ते बीज फुटल्यावर सात दिवसांनी.