गिअर टाकला की टक्क वाजतंय? आधी क्रॉस बघा

बोलेरो, सुमो, ओम्नी, ईको, छोटा हत्ती, असलं काही ज्यांच्याकडे आहे, म्हणजे इंजिन पुढं आणि ताकद मागच्या चाकांना, त्यांना हा आवाज माहीत असणार. पहिला टाकून क्लच सोडला की खालून टक्क, रिव्हर्स टाकला की परत टक्क. त्याच्या आधी काही दिवस हळू चालताना चिमणीसारखं चीं-चीं येत असतं, वेग वाढला की चीं-चीं पण भरभर, पण तेव्हा आपण टेप मोठा करतो. (स्विफ्ट, आय-टेनवाल्यांनी वेळ घालवू नका, तुमच्याकडे हा क्रॉस नावाचा भागच नसतो, तुमचं दुखणं सीव्ही जॉइंटचं, म्हणजे पुढच्या चाकांच्या शाफ्टमधल्या जोडाचं.)

गिअरबॉक्सपासून मागच्या हौजिंगपर्यंत (मागच्या चाकांमधला गिअरचा डबा) जो लांब पाइप जातो तो प्रोपेलर शाफ्ट. गिअरबॉक्स चासीला बांधलेला, हौजिंग मात्र पाट्यांवर (पानांच्या स्प्रिंगांवर), म्हणजे खड्डा आला की ते वर-खाली होणार आणि शाफ्टचा कोन सारखा बदलणार. फिरता फिरता वाकता आलं पाहिजे म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो, गॅरेजच्या भाषेत क्रॉस. अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा, चार दांड्या, प्रत्येक दांडीवर एक कप आणि कपाच्या आत गोल उभ्या लावलेल्या बारीक सुया. समोरासमोरच्या दोन दांड्या एका योकमध्ये (दुबेळक्यासारखा दोन कानांचा भाग), उरलेल्या दोन दुसऱ्या योकमध्ये, बस.

आता या तळहातावर मावणाऱ्या तुकड्यावर किती लोड येतो बघा. इंजिनाचा टॉर्क (पिळण्याचा जोर) २०० न्यूटन-मीटर धरा, पहिल्या गिअरला तो साधारण चौपट होतो, म्हणजे शाफ्टवर ८००. समोरासमोरच्या दांड्यांमध्ये अंतर जेमतेम ६ सेंटिमीटर. भागाकार केला तर प्रत्येक दांडीवर १३,००० न्यूटनच्या वर जोर, म्हणजे सव्वा टनापेक्षा जास्त. वडापची भरलेली गाडी घाटात पहिल्या गिअरला ओढत असते तेव्हा त्या सुया हे सगळं सोसत असतात.

एवढ्यानं क्रॉस मरत नाही पण, तो मरतो न फिरण्यानं. चाकाच्या बेअरिंगमधले रोलर गोल गोल फिरत राहतात, ग्रीस सगळीकडं पसरतं. क्रॉसमधल्या सुयांना पूर्ण फेरी कधी मिळतच नाही, शाफ्टचा कोन ३ अंश असेल तर दांडी कपात फक्त ३ अंश इकडं, ३ अंश तिकडं अशी डुलते. प्रत्येक सुई आपापल्या जागेवर तेवढ्याच चिंचोळ्या पट्टीत घासत राहते, तिथलं ग्रीस बाजूला ढकललं जातं, धातूला धातू लागतो. जुना कप काढून दांडीवरून नख फिरवा, सुयांच्या रेघा नखाला अडकतात. रबरी सील फाटून पावसाचं पाणी आत गेलं असेल तर सुयांच्या जागी तांबडी पूड निघते. म्हणूनच शाफ्ट अगदी शून्य कोनात सरळ असणं पण चांगलं नाही, सुया जागच्या हलतच नाहीत, थोडा एखाद अंश तरी लागतो.

आणि कोन जास्त झाला तर दुसरंच लफडं. एका क्रॉसच्या अलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी पलीकडचा एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेरीत दोनदा पुढं पळतो आणि दोनदा मागं रेंगाळतो. अलीकडं मिनिटाला २००० फेरे आणि कोन ५ अंश असेल तर पलीकडं वेग १९९२ ते २००८ मध्ये हेलकावे खातो. कोन १० केला की १९७० ते २०३१. कोन दुप्पट, हेलकावा जवळपास चौपट. जास्त माल भरता यावा म्हणून पाट्यात जादा पानं टाकतात ना, त्यानं रिकाम्या गाडीत चासी उचलली जाते, शाफ्टचा उतार वाढतो, आणि मग दर वर्षी क्रॉस जातो म्हणून स्पेअर पार्टवाल्याला शिव्या.

हा हेलकावा नवीन नाही. रॉबर्ट हूकनं (स्प्रिंगच्या नियमाचा तोच हूक) १६७६ साली सूर्य बघायच्या उपकरणांबद्दल लिहिताना हा जॉइंट मांडला, आणि त्याला हा हेलकावा चक्क उपयोगाचा वाटला होता, कारण सूर्यघड्याळाच्या पाटीवर सावली पण सारख्या वेगानं सरकत नाही, दोन्हीचं गणित एकच निघतं. गाड्यांमध्ये हा प्रकार नीट बसवला क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन माणसानं, त्याचं पेटंट १९०३ चं, तोवर बऱ्याच गाड्यांची मागची चाकं सायकलसारखी चेननं फिरायची. क्रॉसच्या डब्यावर स्पायसर नाव अजून दिसतं ते त्याचंच.

गाडीत हेलकावा मारायचा तर दुसरा क्रॉस उलटा हेलकावा देतो आणि दोन्ही एकमेकांना खातात, पण अट अशी की दोन्हीकडचे कोन सारखे पाहिजेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत पाहिजेत. ही अट लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

आधी खात्री करा, कारण टक्क आवाज क्रॉसचाच असेल असं नाही. गाडी सपाट जागेवर, चाकांना पुढून-मागून दगड, गिअर न्यूट्रल. खाली जाऊन क्रॉसच्या दोन्ही बाजूचे योक दोन हातांनी धरून उलटसुलट पिळा. दोन योकांच्या मधे, कपापाशी, जरा जरी खेळ दिसला तरी क्रॉस गेला. शाफ्ट आणि मागचा फ्लँज (शाफ्ट हौजिंगला जिथं नटांनी आवळतात ती चकती) दोन्ही मिळून थोडे फिरतात, कपापाशी मात्र काही हलत नाही, तर तो हौजिंगच्या दातांचा खेळ, थोडा असतोच. शाफ्टच्या सरकत्या भागात, स्प्लाइनमध्ये खेळ असेल तर नवा क्रॉस टाकून टक्क जाणार नाही. ही पाच मिनिटांची तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त पैसे इथंच वाचतात.

क्रॉस काही शे रुपयांत येतो, इथं कंजुषी नको. बिनानावाच्या स्वस्त क्रॉसच्या दांड्यांचं हार्डनिंग वरवरचं असलं तर सुया त्यात लगेच खड्डे पाडतात. माझं मत विचाराल तर आपल्या चिखल-पावसात ग्रीस निपलवाला (बाहेरून ग्रीस मारायचं तोंड असलेला) घ्या. सीलबंद क्रॉसला आतून भोक नसतं म्हणून तो तत्त्वतः थोडा मजबूत, हे खरं, पण पाणी शिरलं की त्यात काहीच करता येत नाही, निपलवाल्यात ग्रीस मारून पाणी बाहेर तरी ढकलता येतं. पैसे वाचवायचे ते मजुरीत आणि हत्यारांत. प्रेस नसली तरी भक्कम वाइस (शिकंजा) आणि पान्याच्या दोन गोट्या (सॉकेट) पुरतात.

शाफ्ट काढायच्या आधी योक, फ्लँज, स्प्लाइन, सगळीकडं छिन्नीनं नाहीतर पेंटनं खुणा करा. स्प्लाइन एक-दोन दात चुकून बसली की योक एका रेषेत राहत नाहीत, हेलकावे एकमेकांना मारत नाहीत, आणि नवा क्रॉस टाकून गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते. मग लोक बॅलन्सिंगला पळतात, तिथं हजारो जातात. अजून एक, शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये ठेवून थांबत नाही, चाकाखालचे दगड काढायचेच नाहीत. जुन्या विलीज जीपमध्ये तर हँडब्रेकसुद्धा शाफ्टवरच लागायचा, शाफ्ट काढला की तोही गेला.

लॉक (कप योकमध्ये धरून ठेवणाऱ्या रिंगा) काढायच्या आदल्या रात्री कपांवर डिझेल सोडून ठेवा. वाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान गोटी, ती ढकलणार, दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढी मोठी. आवळत गेलं की समोरचा कप मोठ्या गोटीत बाहेर येतो. हातोडा लागला तर योकवर, पाइपवर कधीच नाही, पोचा आला की बॅलन्स गेला.

बसवताना नव्या कपाच्या तळाला आणि भिंतीला चांगलं घट्ट लिथियम ग्रीस भरा, ते सुयांना उभं धरून ठेवतं. कप दाबताना एखादी सुई आडवी पडून दांडीखाली गेली की कप पूर्ण आत जात नाही आणि लॉकची खाच दिसत नाही. अशा वेळी बळजबरी करू नका, जोर लावून लॉक बसवलंत तर कप फुटेल. कप काढा, सुई उभी करा, परत दाबा. दाबत असताना क्रॉस हातानं त्याच कपाकडं ढकलून दांडी सुयांमध्ये धरून ठेवली तर सुया पडतच नाहीत, गॅरेजमधली पोरं हे न बघता करतात.

चारही लॉक खाचेत बसले की क्रॉस सगळ्या दिशांना हातानं हलवून बघा. एका बाजूला जड वाटला तर योकच्या कानावर पितळी किंवा लाकडी हातोड्यानं हलके टोले द्या, दाबताना आत गेलेले कान मोकळे होऊन कप बाहेर लॉकला टेकतात. तरीही जड असेल तर परत उघडायचं, वापरून मोकळा होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ग्रीस गननं चारही सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारा. एकाच बाजूनं आलं तर शाफ्ट थोडा हलवून परत मारा. फ्लँजचे नट नवे टाका, किरकोळ पैशात येतात, आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पाना लावून एकदा परत बघा.