वाशी, खारघर, उलवे आणि सर्वांत आखूड जाळे

नवी मुंबईतील वाशी, खारघर आणि उलवे ही तीन ठिकाणे भूमिगत केबलने जोडायची आहेत आणि केबल शक्य तितकी कमी लागावी, असे समजू. त्रिकोणाच्या दोन आखूड बाजूंनी केबल टाकली तरी काम भागते. पण आत एक जादा सांधा घेऊन तिन्ही फाटे एकमेकांशी १२० अंशांचा कोन करतील असे ओढले, तर लांबी आणखी घटते. नकाशावर हा सांधा बेलापूरच्या आसपास पडतो. ऐरोली, वाशी आणि बेलापूर घेतल्यास मात्र वाशीपाशी होणारा कोन १२० अंशांहून मोठा असल्याने जादा सांध्याचा उपयोग नाही. केबल वाशीवरूनच न्यावी.

अशा जाळ्याला स्टायनर वृक्ष म्हणतात. जादा सांधे घ्यायचे नसतील, म्हणजे जाळे साधे असेल, तर प्रश्न सोपा आहे. आजच्या चेकियातील मोराव्हिया या प्रांताच्या वीजजाळ्याच्या निमित्ताने चेक गणितज्ञ बोरूव्का यांनी तो १९२६ मध्येच सोडवला होता. सांध्यांची मुभा मिळताच तो बिकट होतो, आणि १९७७ मध्ये गॅरी, ग्रॅहम आणि जॉन्सन यांनी तो गणनदृष्ट्या अवघड प्रश्नांच्या वर्गात मोडतो हे सिद्ध केले. सांधा नेमका कुठे घ्यायचा, ही अडचण नव्हे. कोण कोणाशी जोडायचे हे ठरले की जागा भूमितीने काढता येते. पण दहा ठिकाणांसाठी आठही सांधे वापरणाऱ्या जोडण्याच २०,२७,०२५ होतात.

डेव्हिड वॉर्म, पावेल विंटर आणि मार्टिन झकारियासेन यांची ‘जिओस्टायनर’ ही आज्ञावली या गर्दीतून वाट काढते. कोणतेही इष्टतम जाळे लहान तुकड्यांत मोडता येते आणि प्रत्येक तुकड्यात दिलेली ठिकाणे केवळ टोकांवर असतात, हे तिचे मर्म. पहिल्या टप्प्यात ती असे संभाव्य तुकडे तयार करते आणि बहुतेक लगेच बाद करते. बाद करण्याची एक कसोटी मला विशेष देखणी वाटते: तुकड्यातील दोन ठिकाणांमधल्या वाटेवरची एखादी रेघ, सर्वांत आखूड साध्या जाळ्यात त्याच दोन ठिकाणांना जोडणाऱ्या वाटेवरील सर्वांत लांब टप्प्यापेक्षाही मोठी असेल, तर ती काढून त्याहून आखूड रेघेने जाळे पुन्हा सांधता येते, म्हणजे तो तुकडा उत्तरात असूच शकत नाही. दुसऱ्या टप्प्यात, उरलेल्या तुकड्यांतून सर्व ठिकाणे जोडणारी सर्वांत आखूड निवड पूर्णांकी प्रोग्रॅमिंगने, म्हणजे प्रत्येक तुकडा घ्यायचा (१) की नाही (०) हे ठरवणाऱ्या गणिती पद्धतीने केली जाते. या पद्धतीने हजाराहून अधिक बिंदूंची अचूक उत्तरे मिळाल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे.

बचत किती होते? गिल्बर्ट आणि पोलाक यांच्या १९६८ च्या अंदाजानुसार ती साध्या जाळ्याच्या तुलनेत फार तर १३.४ टक्के असते. हा अंदाज सिद्ध झाल्याचा दावा पुढे झाला, पण त्या सिद्धतेत त्रुटी आढळली. एवढ्याशा बचतीसाठी इतकी खटपट का, असे वाटेल. पण झटपट, अंदाजे उत्तर देणाऱ्या पद्धती कितपत चुकतात हे तपासायला अचूक उत्तराखेरीज दुसरे माप नाही. संगणकाच्या चिपमध्ये तारा आडव्या-उभ्याच धावतात आणि जोडण्या असंख्य असतात. तिथे लांबी मोजण्याची रीत बदलते व १२० अंशांचा नियम लागू पडत नाही. जिओस्टायनर हा प्रकारही सोडवते.

नवी मुंबईचा नकाशा मात्र कोरा कागद नाही. पारसिकचे डोंगर आणि पनवेलची खाडी वगळून जाळे आखायचे, तर ते अडथळे आधी संगणकाला सांगावे लागतात आणि प्रश्न आणखी किचकट होतो.