स्कॉटलंडमधील चेटूक-खटले आणि स्त्रिया

स्कॉटलंडमध्ये 1563 ते 1736 या काळात चेटूक हा देहदंडाचा गुन्हा होता. एडिंबरो विद्यापीठातील सर्वेक्षणात 3,837 आरोपींची नोंद असून त्यांत सुमारे 84 टक्के स्त्रिया आहेत. निकाल ठाऊक असलेली प्रकरणे जेमतेम 300. त्यांतील दोन-तृतीयांश आरोपींना मृत्युदंड झाला. हेच प्रमाण सर्वांना लावून 2,500 बळींचा आकडा सांगतात. तो अंदाजच समजावा. शिक्षा बहुधा गळा आवळून ठार मारून प्रेत जाळण्याची असे. मराठीत ‘चेटकीण’ म्हटले की बाईच डोळ्यांपुढे येते. स्कॉट्स भाषेत ‘विच’ हा शब्द पुरुषालाही लावीत.

चेटूक करणाऱ्याने सैतानाशी करार केलेला असतो ही कल्पना येथे केव्हा रुजली, हा वादाचा विषय आहे. 1563 च्या कायद्यात तिचा उल्लेख नाही. राजा सहावा जेम्स 1589 मध्ये डेन्मार्कच्या राजकन्येशी विवाह करण्यासाठी समुद्रापार गेला आणि 1590 च्या वसंतात परतला. वादळांनी राजघराण्याच्या जहाजांना अडवले ते चेटकामुळे, असा संशय घेऊन नॉर्थ बेरिक येथील खटले (1590–91) उभे राहिले. अ‍ॅग्नेस सँपसन या वैदू बाईची चौकशी खुद्द जेम्सने केली. तिला 1591 च्या जानेवारीत मारण्यात आले. राजाने ही कल्पना डेन्मार्कहून आणली, असे इतिहासकार क्रिस्टिना लार्नर यांचे मत होते. मात्र तत्कालीन डॅनिश खटल्यांत कराराला फारसे महत्त्व नव्हते, आणि स्कॉटिश धर्मपंडितांना युरोपीय ग्रंथ आधीपासून परिचित होते, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. हे म्हणणे अधिक पटते. जेम्सचा ‘डिमनॉलॉजी’ हा ग्रंथ 1597 मध्ये छापला गेला.

आरोपाची सुरुवात सहसा शेजारच्या भांडणातून होई. उसनवारी नाकारली, बाई तळतळून काही बोलली, आणि पुढे गाय आटली किंवा मूल आजारी पडले की ते बोल आठवत. प्रकरण आधी ‘कर्क सेशन’ या स्थानिक चर्चमंडळापुढे जाई. मग प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळाकडून खटला चालवण्याची परवानगी मिळवीत. आरोपीला दिवसेंदिवस झोपू न देणे, अंगावर सैतानाची खूण शोधण्यासाठी सुया टोचणे हे कबुलीजबाबाचे नेहमीचे मार्ग. एरवी फौजदारी खटल्यांत स्त्रियांची साक्ष सहसा ग्राह्य नसे. चेटकाच्या बाबतीत 1591 पासून ती चालू लागली. त्यामुळे बायकांविरुद्ध बायकाच साक्ष देताना दिसतात.

बळी मुख्यतः सुइणी होत्या, हा लोकप्रिय समज नोंदींवर टिकत नाही. सुइणींची संख्या नगण्य आहे. एकाकी विधवेची प्रतिमाही अपुरी ठरते, कारण वैवाहिक स्थिती ज्ञात असलेल्यांत विवाहितांचेच प्रमाण मोठे आहे. चेटूक हा ‘स्त्रियांचाच’ गुन्हा नव्हे, पण स्त्रीत्वाशी निगडित गुन्हा होता, हे लार्नर यांचे सूत्र आजही ग्राह्य मानतात.

1661–62 च्या लाटेनंतर खटले ओसरले. ऑल्डर्नच्या इझोबेल गाउडीचे विलक्षण तपशीलवार कबुलीजबाब 1662 चे. तिचे पुढे काय झाले ते नोंदींत नाही. चेटकासाठी शेवटची देहदंडाची शिक्षा डॉर्नॉक येथे झाली. तिचे वर्ष सामान्यतः 1727 देतात, तेथील शिळेवर मात्र 1722 कोरलेले आहे. जेनेट हॉर्न हे बळीचे नावही उत्तरकालीन असावे. 8 मार्च 2022 रोजी प्रथममंत्री निकोला स्टर्जन यांनी स्कॉटिश संसदेत या खटल्यांबद्दल माफी मागितली.