आखडलेली पट्टी

चिमूरकडे मृगाच्या आधी कवेलू फेरायची जुनी रीत आहे. वरचे कवेलू काढायचे, फुटके बाजूला टाकायचे, माकडांनी सरकवलेले नीट बसवायचे. छत दरवर्षी हाताखालून गेलंच पाहिजे, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझ्या आतेभावाचं घरही असंच आहे. त्याने मात्र ताडोबाच्या रस्त्यालगतच्या वावरात पाहुण्यांसाठी एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, आणून ठेवला, आणि त्याचं छत पत्र्याचं असल्याने त्याला हात लावायची गरज नाही असं गृहीत धरलं. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं तेव्हापासून असे ट्रेलर आपल्याकडेही अधूनमधून दिसू लागले आहेत, म्हणून ही हकीकत सविस्तर सांगतो.

दुसऱ्या पावसाळ्यात पलंगावरच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग उमटला. भाऊ म्हणाला, "दादा, छत पुरं पाहिलं, एक भोक नाही. गळते कुठून, तेच समजून नाही राहिलं." त्याने डागाच्या बरोबर वर पत्र्यावर डांबर थापलं होतं. गळती थांबली नाही. थांबणारही नव्हती, कारण भिंतीच्या आत लाकडी चौकट असते आणि शिरलेलं पाणी तिच्या अंगाने वाटेल तितकं लांब वाहत जाऊन मग टपकतं. डागापासून हात-दोन हात दूर, छत आणि भिंत जिथे भेटतात त्या कडेला शिडी लावली, तेव्हा खरी जागा सापडली.

या कडेवर ॲल्युमिनियमची एक लांब पट्टी स्क्रूने ठोकलेली असते. छताचा पत्रा आणि भिंतीचा पत्रा दोन्ही तिच्याखाली दाबले जातात. पट्टीच्या मधोमध पन्हाळीसारखी खाच असते, तिच्यात अर्ध्या-अर्ध्या वितीवर स्क्रूची डोकी आणि त्या डोक्यांवर झाकण म्हणून बोटभर रुंदीची व्हायनिलची पट्टी दाबून बसवलेली. आमच्या ट्रेलरवर ही पांढरी पट्टी जुन्या हस्तिदंतासारखी पिवळी पडली होती. सहा मीटरच्या खाचेत ती दोन्ही टोकांना चार-चार बोटं कमी पडत होती. कुणी कापली नव्हती, ती आपोआप आखडली होती. उघड्या पडलेल्या टोकाकडचे पहिले तीन स्क्रू तपकिरी झाले होते आणि त्यांच्याखाली पत्र्यावर गंजाचे ओघळ उतरले होते. पट्टीचं टोक वाकवून पाहिलं तर बिस्किटासारखं कडकन तुटलं. नवी पट्टी बोटाभोवती गुंडाळता येते.

प्लास्टिकची पट्टी आखडते कशी, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना उन्हात राहिलेल्या व्हायनिल क्लोराइडच्या नळीत एक पांढरा घन पदार्थ तयार झालेला दिसला. तेच पीव्हीसी. पण ते कडक आणि ठिसूळ, त्यामुळे बरीच वर्षं कुणाच्या कामाचं नव्हतं. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन धातूवर रबर चिकटवणारा पदार्थ शोधत होते. त्यांनी पीव्हीसी एका जड, सहजी न उडणाऱ्या द्रावकात तापवलं आणि थंड झाल्यावर हाती आला रबरासारखा लवचिक गोळा. मऊ व्हायनिलचा जन्म हा असा. पीव्हीसीचे रेणू लांबच लांब साखळ्यांचे असतात, कोरड्या शेवयांसारखे एकमेकांना धरून बसलेले. त्यांच्यात तेलासारखा द्रव मुरवला की साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात. या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ व्हायनिलच्या वजनात त्याचा वाटा चौथ्या-तिसऱ्या हिश्शाइतका सहज असतो.

खरी गोम इथे आहे. हा द्रव साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, नुसता मुरलेला असतो, त्यामुळे तो हळूहळू बाहेर पडतो. शाळेत कंपासपेटीतलं खोडरबर प्लास्टिकच्या मोजपट्टीला चिकटून तिच्यावर खड्डा पाडायचं, ते आठवतं? खोडरबर व्हायनिलचं असतं. त्यातला प्लास्टिसायझर शेजारच्या मोजपट्टीत शिरतो आणि तिला विरघळवतो. छतावर शेजारी मोजपट्टी नसते, पण ऊन असतं. पृष्ठभागावरचा प्लास्टिसायझर उडून जातो, पाऊस थोडा धुऊन नेतो, आतला त्याच्या जागी वर येतो आणि तोही जातो. जितका द्रव गेला तितकं आकारमान घटलं. चौथा हिस्सा तेल असलेल्या वस्तूतून तेल जाऊ लागल्यावर ती आहे तेवढी कशी राहील?

आखडण्याचं आणखी एक कारण पट्टीच्या जन्मातच असतं. कुरडयांच्या साच्यातून पीठ दाबावं तसं गरम व्हायनिल यंत्रातून दाबून, ओढून पट्टी काढतात आणि लगेच थंड करतात. त्या ओढीत साखळ्या लांबीच्या दिशेने ताणल्या जातात आणि ताणलेल्याच गोठतात. छतावर पुन्हा तापल्या की मूळच्या गुंतलेल्या अवस्थेकडे परत जाऊ पाहतात, म्हणजे पट्टी लांबीत कमी होते. बसवणाऱ्याने ती हाताने ओढून ताणून बसवली असेल तर हा ताण आणखी वाढतो. माझ्या मते जुन्या ट्रेलरवरच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ या ओढून बसवण्यात आहे.

आता आपलं ऊन. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं होतं. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीला नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, पंचेचाळिशी ओलांडणं नवीन नाही. हे सावलीतलं तापमान झालं. उघड्या पत्र्यावर दुपारी ६५ अंशांच्या आसपास सहज जातं, तिथे हात ठेववत नाही. दर १० अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हा ठोकताळा लावला, तर थंड मुलखात पंधरा वर्षं टिकणारी पट्टी इथे लवकर का जाते ते कळतं. त्यात अतिनील किरणांची भर. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतं. अतिनील किरण आणि उष्णता मिळून साखळीतून हायड्रोजन क्लोराइड सुटा करतात आणि मागे दुहेरी बंधांची रांग राहते. ही रांग लांबली की ती निळा प्रकाश शोषू लागते आणि पट्टी पिवळी दिसते. सुटलेलं हायड्रोजन क्लोराइड हीच क्रिया पुढे आणखी वाढवतं. म्हणून कारखान्यात व्हायनिलमध्ये कॅल्शियम-जस्ताची स्थिरके आणि पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्याचंही कारण हेच आहे. त्यांच्यातली काजळी अतिनील किरण स्वतः पिते आणि आतलं प्लास्टिक वाचवते.

पाणी शिरतं ते पट्टी पिवळी पडल्यामुळे नव्हे, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. ती फक्त झाकण आहे. पाणी अडवतो तो ॲल्युमिनियमखाली दाबलेला चिकट थर. पण झाकण गेलं की धूळ, पाणी आणि ऊन थेट स्क्रूवर पोहोचतं. लोखंडी स्क्रूवरचा जस्ताचा मुलामा संपतो, लोखंड गंजतं आणि लाकडातली पकड ढिली होते. शिवाय ॲल्युमिनियम आणि त्याखालचं लाकूड उष्णतेने सारखं वाढत नाही. सहा मीटर ॲल्युमिनियम ४० अंशांच्या फरकाने साडेपाच मिलिमीटर लांबतं, आणि मे महिन्यात अशी ओढाताण रोज दुपारी आणि रात्री होते. ढिला स्क्रू तिला कुठवर पुरणार?

मग पाणी आत येतं, आणि ते नुसतं वरून खाली पडत नाही. अरुंद फटीत केशाकर्षणाने ते आडवं आणि वरही चढतं. ट्रेलर पावसात ताशी ८० किलोमीटरने ओढला तर समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब सुमारे ३०० पास्कल होतो, म्हणजे ३० मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. भावाचा ट्रेलर जागचा हलत नाही, तरी त्याच्या बाबतीत मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मृगाची पहिली सर तापलेल्या छतावर पडते. ६५ अंशांवर तापलेली, पत्र्याखालच्या पोकळीतली हवा ३० अंशांवर आली तर तिचं आकारमान दहाव्या हिश्शाने घटतं. पोकळी जिथून श्वास घेऊ शकते तिथून घेते, आणि स्क्रूच्या भोकावर तेव्हा पाणी साचलेलं असतं. बाहेरून थेंबही आत पडताना दिसत नाही आणि प्लायवुड मात्र ओला होतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांवर टिकून राहिला की कुजवणाऱ्या बुरशीला वाट मोकळी होते.

आम्ही काम दिवाळीनंतर काढलं. पाऊस गेलेला, ऊन सौम्य, लाकूड बऱ्यापैकी सुकलेलं. जुनी पट्टी एका टोकाने उचकटली, ती तुकड्यातुकड्यांत आली. खाचेतली माती जुन्या दात घासायच्या ब्रशने काढली. मग एकेक स्क्रू सोडवून त्याच्या जागी स्टेनलेस स्टीलचा, किंचित जाड स्क्रू, मानेला सीलंट लावून हातानेच कसला. बॅटरीच्या ड्रिलने कसला की मऊ लाकडात तो जागच्या जागी फिरतो आणि भोक वाया जातं. तीन स्क्रू नुसतेच फिरत होते. तिथली ॲल्युमिनियम पट्टी पूर्ण उचलावी लागली. खाली प्लायवुड बोटाने दाबला तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. तेवढा तुकडा कापून नवा बसवला. झाकण बदलून भागलं असतं असं वाटत असताना ही जागा सापडली, म्हणून ढिल्या स्क्रूला नवीन पट्टीखाली लपवू नये असं मी कळकळीने सांगेन.

ॲल्युमिनियमखाली आम्ही ब्यूटिल टेप घातली. ब्यूटिल रबर १९३७ मध्ये अमेरिकेत तयार झालं. या टेपचा गुण असा की ती कधी वाळून घट्ट होत नाही, वर्षानुवर्षं कणकेसारखी राहते आणि धातूच्या रोजच्या हालचालीबरोबर ताणली-दबली जाते. भावाला दुकानात सिलिकॉन दिलं होतं. सिलिकॉन वाईट नाही, पण एकदा लावलं की त्याच्या उरलेल्या पापुद्र्यावर पुढचं काहीच चिकटत नाही. शिवाय व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि ते जस्ताच्या मुलाम्याला बाधतं. खालच्या टोकाची फट तर कशानेच बुजवू नये. खाचेत चुकून शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं.

नवी पट्टी वेटोळ्यात येते. ती दिवसभर अंगणात उन्हात लांब पसरून ठेवली, म्हणजे वेटोळ्याचा पीळ गेला आणि जी काही आखडायची घाई तिला होती ती थोडी आधीच झाली. बसवताना अंगठ्याने दाबत, दर हातभर अंतरावर थोडी मागे ढकलत गेलो. ओढली अजिबात नाही. छतावर सांधा येऊ दिला नाही. एकच पट्टी पुढून चढवून मागे उतरवली आणि दोन्ही टोकं खाली तोंड करून वीतभर जास्त ठेवली. आठ दिवसांनी स्क्रू पुन्हा तपासले आणि मग टोकं कापली, तीही दोन बोटं राखून.

धुवायला साबणाचं पाणी पुरतं. पेट्रोल किंवा थिनर लावला तर पट्टी चकचकीत होते खरी, पण तो प्लास्टिसायझर ओढून काढतो आणि नवी पट्टी लवकर म्हातारी होते. सगळ्यात चांगली राखण सावलीची. भावाने या उन्हाळ्यात बांबूचा मांडव घालून त्यावर हिरवी जाळी टाकली.

मार्चमध्ये राखलेल्या टोकापाशी मी ॲल्युमिनियमवर पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली होती. परवा, नवतपा उतरल्यावर कवेलू फेरायला शिडी निघालीच होती, तीच ट्रेलरला लावली. पट्टीचं टोक रेघेच्या चार मिलिमीटर आत गेलं होतं. राखलेली दोन बोटं अजून बरीच शिल्लक होती. भावाने जुन्या रेघेशेजारी नवी रेघ मारली आणि तारीख लिहिली.